दत्तारामाचं इंजिन

पेट्रोलचा वास गणपतीला चालतो का, हा प्रश्न पाचव्या दिवशी सकाळी घरात कुणीच विचारला नाही. विचारला असता तर अविनाशनं उत्तर दिलं असतं, आणि तेच सगळ्यांना नको होतं.

अंगणात, तुळशीपासून जरा अंतर राखून, निळं पिंप ठेवलं होतं. पिंपात काठोकाठ पाणी, वर आडवी फळी, आणि फळीला आवळून बसवलेलं दत्तारामाचं होडीचं इंजिन. त्याचं लांब तंगडं पाण्यात बुडालेलं. दत्ताराम गेल्यापासून ते पडवीच्या कोपऱ्यात एका जुन्या साडीखाली उभं होतं. येणारी-जाणारी माणसं त्याला कुणीतरी घुंगट घेतलेली नातेवाईक समजून वाट देत. होडी तेवढी पावसाआधी डांबर लावून घेतली जायची, कारण डांबर लावताना शेजारी बघतात. इंजिन कोण बघतो?

तनयानं दोरी ओढली. इंजिन खोकलंसुद्धा नाही.

"परत," विनोदिनी म्हणाली.

"आई, खांदो निखळतलो माजो."

"दुसरो आसा मगे."

सोप्यावर अविनाश सोवळं नेसून उघड्या अंगानं चहा पीत होता. दत्तारामाचा धाकटा भाऊ, आता घरातला एकमेव पुरुष, म्हणून पाचही दिवसांची पूजा त्याच्याकडे. त्यासाठी तो बायकोला घेऊन डिचोलीहून आला होता. सोवळ्यात असल्यामुळे त्याला इंजिनाला हात लावता येत नव्हता. सल्ला मात्र सोवळ्यात चालतो.

"वयनी, सोड गो तो नाद. मेलेल्या म्हशीक गवत घालून दूद मिळता?"

"तू चाय पी, अविनाश. थंड जाता."

गोष्ट इंजिनाची नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. चवथीच्या दिवशी, पहिल्याच पंगतीत, अळवाच्या भाजीवर तूप वाढून घेता घेता अविनाशनं विषय काढला होता. या घरचा गणपती काठावर पोचवत नाहीत. होडीतून नदीच्या मध्यावर नेतात, तिथे गाऱ्हाणं घालतात आणि तिथेच सोडतात. दत्ताराम होता तोवर तोच होडी हाकायचा. तो गेल्यावर दोन-चार वर्षं रेतीवाल्यांची होडी मागून आणली. या वर्षी रेतीवाल्यांच्या होड्या सरकारी नजर चुकवून कुठल्या तरी खाडीत चिपीच्या खारफुटीखाली झोपल्या होत्या, आणि त्यांना उठवायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा अविनाश म्हणाला होता, "दोन बायकांच्यान ह्या झेपाचा नाय. पुढल्या वर्सापसून देव आमच्याकडे डिचोलेक. तुमी दोघी येवा पाच दिवस. मानान येवा."

"पाव्हणी म्हणान?" विनोदिनीनं विचारलं होतं.

"पाव्हणी कित्याक? घरचीच."

"घरच्यांक 'येवा' म्हणतत?"

यावर पंगतीत फक्त कढी ओरपल्याचा आवाज झाला. मग विनोदिनीनं शांतपणे विचारलं होतं, "आणि आपली होडी आपल्याच इंजिनार मध्यावर गेली तर?"

"तर बघूया," अविनाश म्हणाला. तो आयुष्यभर सरकारी खात्यात होता. तिथे 'बघूया'चा अर्थ शिपायालाही कळतो.

म्हणून हे निळं पिंप.

पहिल्यांदा टाकीतलं पेट्रोल ओतून टाकलं. त्याला पेट्रोल म्हणणं हे जुनी ओळख राखण्यासारखं होतं. रंग काकवीचा आणि वास कपाटाच्या पॉलिशचा. मग घरचे जावई गुरुदास आले. दत्तारामाच्या बहिणीचे, शालिनीचे यजमान. पाय मुरगळल्यामुळे शालिनी धारगळला घरीच होती, त्यामुळे गुरुदासांना आज मोकळेपणानं बोलता येणार होतं. धारगळला हायवेवर त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं, आणि बॅटरी ज्याला कळते त्याला पृथ्वीवरचं सगळं कळतं अशी त्यांची धारणा होती. त्यांनी ऑइल घातलेलं ताजं पेट्रोल, पाने आणि नवा प्लग आणला होता.

"प्लग बगा," त्यांनी जुना प्लग काढून सगळ्यांना दाखवला. तो देवळातल्या समईच्या वातीसारखा काळा होता. "रोग हयच आसा."

त्यांनी नवा प्लग बसवला, लाल पत्र्याच्या टाकीचं झाकण उघडून पेट्रोल भरलं, झाकण आवळलं, झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू सैल केला आणि टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा दाबला. तनयानं दोरी ओढली. इंजिनानं पांढरा धूर सोडला आणि एकदम सुरू झालं.

आवाजानं माडावरचे कावळे उडाले. ओल्या पंच्यानं हात पुसत अविनाशची बायको वैशाली आतून दारात आली. विनोदिनी हसली नाही, फक्त पदर खोचला.

"पाणी खंय मारता?" तनया ओरडली. चालू इंजिन बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार सोडतं. ती नसली तर ते तापून बसतं. धार नव्हती. भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. तनयानं केरसुणीची हीर घालून ते पाडलं आणि धार सुरू झाली, थेट गुरुदासांच्या स्वच्छ पँटवर.

"चलता मगे!" गुरुदास म्हणाले.

आणि इंजिन बंद पडलं.

घाईनं नाही. आधी जरा धापा टाकल्या, मग आवाज उतरला, आणि मग सभेतून उठून जाणाऱ्या ज्येष्ठ माणसासारखं ते शांत झालं. सोप्यावरून कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

*

दुपारपर्यंत इंजिन एकूण तीनदा सुरू झालं आणि तीनदा बंद पडलं. प्रत्येक वेळी कुणीतरी तज्ज्ञ यशस्वी झाला आणि थोड्याच वेळात अयशस्वी.

आधी गुरुदासांनी कार्बोरेटर सोडवला. आत डिंकासारखं काहीतरी बसलं होतं. ते त्यांनी पेट्रोलनं धुऊन, बारीक तारेनं भोकं मोकळी केली. मग टाकीचं झाकण उघडून पेट्रोल किती राहिलं ते पाहिलं, झाकण लावलं, दोरी ओढली. इंजिन चाललं. गुरुदासांनी कार्बोरेटर हा विषय सगळ्यांना समजावून सांगायला घेतला, आणि विषय अर्ध्यावर असताना इंजिन बंद पडलं.

मग शेवटी अविनाश सोवळं सोडून लेंग्यात खाली आला. त्यानं नळी उलटसुलट तपासली, तिची दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवली, टाकी हलवली, झाकण उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "पेट्रोल तर आसा." झाकण लावून दोरी ओढली. इंजिन चाललं.

"बग," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं की काळजी, हे त्यालाही कळेना. इंजिन बंद पडलं तेव्हा मात्र कळलं.

"नदीत असाच बंद पडला तर देवासकट आपण थेट समुद्रात," तो म्हणाला. "पावसाचा पाणी आसा, ओढ बगितलास? वयनी, हट सोड."

वैशाली स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे ऐकत होती. हातात पातोळ्यांचं पीठ, समोर हळदीची पानं, चुलीवर खतखत्याचं भलं मोठं भांडं. गणपती डिचोलीला आला तर ती घरची मुख्य सवाष्ण होणार होती. असं तिला अविनाशनं सांगितलं होतं. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिनं मनातल्या मनात आपला फ्लॅट डोळ्यासमोर आणला. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. गणपतीच्या वर फळांची माटोळी टांगायला छताला कड्या नाहीत, पंखा आहे. पंख्याला भोपळा, तोरिंगण आणि नारळांची माटोळी टांगलेली तिनं कल्पून पाहिली, आणि नंतर कुणीतरी चुकून बटण दाबलेलंही. मग पाच दिवसांची माणसं, पाच दिवसांची भांडी, आणि हे सगळं एकटीनं. इथे निदान जाऊबाई होत्या. रागीट होत्या, पण पहाटे उठून नारळ खवून ठेवत.

"काकी," तनया हात धुवायला आत आली होती, "काका हारले की जिंकले?"

"तुजो काका कधी हरत नाय गो," वैशाली म्हणाली. "तो फक्त नंतर म्हणता की आपणाक तसाच व्हया होता."

मग ती थोडा वेळ पीठ थापत राहिली आणि म्हणाली, "त्या टाकीतसून कसलो आवाज येता? झाकण उघडलंत की?"

"कसलो?"

"फुस्स. हय खिडकीत आयकूक येता. प्रत्येक खेपेक."

तनया हात तसेच ओले ठेवून बाहेर गेली.

*

विनोदिनी पिंपाशेजारी पाटावर बसली होती. पुरुष जेवून वामकुक्षीला गेले होते, कारण विसर्जनाच्या दिवशी विश्रांती लागतेच. तनयानं तिला वैशालीकाकीचं बोलणं सांगितलं.

"फुस्स," विनोदिनी स्वतःशी म्हणाली. "चालू कर."

तनयानं झाकण उघडलं. फुस्स. लावलं. दोरी ओढली. इंजिन चाललं. या वेळी विनोदिनीनं इंजिनाकडे पाहिलंच नाही. इंजिनाकडे सकाळपासून सगळे बघत होते. ती नळीवरच्या रबरी फुग्याकडे बघत राहिली. फुगा आधी टणक होता. मग मऊ झाला. मग हळूहळू दोन्ही बाजूंनी आत ओढला जाऊ लागला, चोखून टाकलेल्या रायवळ आंब्यासारखा. तो पुरता चपटा झाला आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं.

"हवा नाय मिळाना," विनोदिनी म्हणाली. "खोबरेलाच्या डब्याक एकच भोक मारलास तर तेल येता? वायच येता, मग डबो गुमान बसता. दुसरा भोक मारूचा लागता."

"पण आई, हवेचो स्क्रू उघडो आसा. आतोबांनी उघडलो सकाळीच."

"स्क्रू उघडो आसा. भोक आसा?"

तिनं झाकण काढून हातात घेतलं, स्क्रू पूर्ण फिरवून बाहेर काढला आणि भोकाला तोंड लावून फुंकलं. गाल फुगले, डोळे मोठे झाले, हवा कुठेच गेली नाही. तिनं झाकण उन्हाकडे धरलं. पलीकडचं ऊन दिसायला हवं होतं, तिथे काहीच दिसलं नाही. मग तिनं नखानं जरा खरवडलं. नखात लाल पूड आली.

टाकी लाल, झाकण लाल, पूड लाल. म्हणून सकाळपासून कुणाला दिसली नव्हती. विनोदिनीनं पूड बोटांवर चोळली आणि हुंगली.

दर दसऱ्याला ती इंजिनाची पूजा करत होती. दत्ताराम होता तेव्हाही करायची. इंजिनाला माळ, गोंड्याचं फूल, आणि टाकीला कुंकू. टाकीला कपाळ असं नसतं, पण झाकणाच्या मधोमध तो छोटा स्क्रू उठून दिसायचा आणि बोट आपसूक तिथेच जायचं. ओलं गंध, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. दत्ताराम पूजा झाली की फडक्यानं ते पुसायचा आणि संध्याकाळी नदीत एक फेरी मारायचा. तो गेल्यावर फेरी बंद झाली, पुसणंही बंद झालं, आणि पूजा मात्र तेवढी वाढली. दर वर्षी थर चढत गेला. इंजिनाचा श्वास घरच्या लोकांनी भक्तिभावानं बुजवला होता.

"आई, ह्या तर..." तनया हसू दाबत म्हणाली.

"तोंड बंद कर."

"माका कित्याक? तूच केलंस."

"म्हणानच सांगतंय. काकाक कळला तर पुढची वीस वर्सां पंगतीत वाढीत." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "सुई हाड. बारीक."

सुई शोधायला तनया उठली, तेवढ्यात समोर एक हात आला. हातात सेफ्टी पिन होती. वैशाली कधी येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं; बांगडीत अडकवलेल्या पिनांपैकी एक तिनं सोडवली होती.

दोन्ही जावांनी एकमेकींकडे पाहिलं. चवथीपासून त्या फक्त मीठ-मसाल्यावर बोलल्या होत्या.

"सगळा बगलंस?" विनोदिनीनं विचारलं.

"माका काय दिसला नाय," वैशाली म्हणाली. "माजो चष्मो आत आसा." आणि ती पाटाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "तुमी खरवडा, ताई. मी फुकतंय."

कुंकू दगडासारखं झालं होतं. एक पिन वाकली, दुसरी वाकली. तनया तिसऱ्या पिनेनं उलट्या बाजूनं टोकरत राहिली. अखेर एक तांदळाचा दाणा बाहेर पडला, लालभडक, आणि वैशालीनं फुंकल्यावर भोकातून स्पष्ट शीळ वाजली.

त्यानंतर इंजिन चालू केलं ते बंद पडेचना. पुरुषांची वामकुक्षी संपली, चहा झाला, तरी चाललं होतं. गुरुदास डोळे चोळत बाहेर आले, त्यांनी इंजिनाकडे पाहिलं आणि प्रसन्नपणे म्हणाले, "सांगलंय नाय? कार्बोरेटर. साफ केल्यार वायच वेळ लागता, पण बसता."

"तुमच्याशिवाय कोण बसवतलो," विनोदिनी म्हणाली.

*

ऊन कलल्यावर उत्तरपूजा झाली. आणि गणपती खांद्यावर नदीकडे निघाला. काठावर गावातली बरीच माणसं होती. दत्तारामाचं इंजिन इतक्या वर्षांनी होडीच्या मागे बसलेलं पाहून त्यांनी आदरानं जागा दिली. ते बंद पडण्याच्या वेळी आपण हजर असावं, अशीही काहींची इच्छा असावी.

"बायका होडीत?" अविनाश म्हणाला.

"इंजिन तनयाच्या हातार चलता," विनोदिनी म्हणाली. "आणि आमी दोघी फुडे बसतो, वजनाक. मागे इंजिन, मदी तुमी दोघे आणि देव. फुडे कोण नको?"

वजनाचा मुद्दा अविनाशला खोडता येईना. होडी निघाली. पावसाच्या पाण्यानं नदी तांबडी आणि जाड झाली होती, पण इंजिन तिला कापत गेलं. पाण्याची बारीक धार न चुकता पडत होती.

अविनाश बसला होता, गणपतीच्या पाटाची एक बाजू त्याच्या हातात, दुसरी गुरुदासांच्या. त्याला मान्य करावं लागत होतं की होडी चालली आहे. पण चार दिवस मनात जुळवलेलं वाक्य माणूस असं सोडत नाही. डिचोलीच्या शेजाऱ्यांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. शिवाय चालू इंजिन म्हणजे काही घर नव्हे. पुढच्या वर्षी काय? गाऱ्हाण्यात एकदा देवापुढे म्हटलं आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून होकार भरला की विषय संपतो. मग कुणाला मोडता येत नाही, वयनीलाही नाही.

मध्यावर आल्यावर तो म्हणाला, "इंजिन बंद कर गो. गाऱ्हाणा घालूक व्हया."

"बंद नको," विनोदिनी पुढून म्हणाली. "परत चालू झाला नाय तर?"

तनयानं इंजिन बारीक केलं. अविनाश आणि गुरुदास उठले, पाट उचलून होडीच्या कडेशी धरला. मूर्ती मातीची, घरच्या परंपरेनं भरगच्च. अविनाशनं घसा खाकरला.

"बा देवा महाराजा! वेडीवाकडी जी काय सेवा तुज्या लेकरांनी केली, ती गोड मानून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"घरातल्या लहानथोरांक, गायीवासरांक, पोटापाण्याक सांभाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

गुरुदासांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. गाऱ्हाण्यात पहिला होकार जावयाचा, असा त्यांचा समज होता.

"आणि पुढल्या वर्सापसून," अविनाशनं आवाज चढवला, "डिचोलेक, आमच्या घरात येवन, थय आमची सेवा मान्य कर रे महाराजा!"

इंजिन चाललं होतं. धार पडत होती.

गुरुदासांनी सवयीनं तोंड उघडलं. पुढून विनोदिनी त्यांच्याकडे बघत होती. ज्या घरात शालिनीला वर्षातून पाच दिवस माहेर मिळतं ते हे घर, ते डिचोलीत नाही, एवढं त्या नजरेत होतं. आणि घरी गेल्यावर शालिनी काय विचारेल तेही. गुरुदासांनी तोंड मिटलं.

अविनाशनं वैशालीकडे पाहिलं. ती त्याची बायको होती. निदान ती म्हणेल. वैशाली नदीकडे बघत होती, जणू नदी प्रथमच पाहते आहे.

"आयकला मा?" तो ओरडला. "डिचोलेक!"

कुणीच ऐकलं नव्हतं असं नाही. तो आवाज काठावरही गेला असावा. पण होकार नसलेलं गाऱ्हाणं म्हणजे एका माणसाची तक्रार, आणि अशा तक्रारी अविनाशनं आपल्या नोकरीत ढिगानं दाबून ठेवल्या होत्या. त्या काय किमतीच्या असतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

पाट जड होत चालला. त्याचं मनगट थरथरलं, मग दंड. मूर्ती परत खाली ठेवता येत नाही. एकदा पाण्यावर धरलेला देव मागे घेत नाहीत. आणि गाऱ्हाणं होकाराशिवाय संपत नाही. होडी हळूहळू वाहत पलीकडच्या, बार्देशच्या काठाकडे निघाली होती. गुरुदासांच्या कपाळावर घाम आला.

"अविनाश," गुरुदास दबक्या आवाजात म्हणाले, "माज्यान आता धरवणा नाय रे."

"म्हण मगे 'व्हय'!"

"माज्या एकट्याच्या म्हणण्यान काय जाता?"

अविनाशच्या पाठीतून एक कळ गेली. त्यानं वैशालीकडे पुन्हा पाहिलं. तिनं या वेळी त्याच्याकडे पाहिलं, शांतपणे, पोळी करपली की बघावं तसं. तिच्या मागे विनोदिनी ताठ बसली होती. एक हात होडीच्या काठावर, दुसरा जावेच्या खांद्यावर.

"बा देवा महाराजा," अविनाश म्हणाला. आवाज आता चढलेला नव्हता. "पुढल्या वर्साक... ह्याच घरात, ह्याच पाटार येवन, सगळ्यांची सेवा मान्य कर रे महाराजा."

"व्हय महाराजा!"

चौघांचा आवाज एकदम आणि इतका मोठा निघाला, की काठावरच्या माणसांना वाटलं होडी बुडाली. दोघं-तिघं कपडे काढून पाण्यात उतरलेसुद्धा.